ईटच्या भट्टीवरचं उदमांजर

उदमांजराच्या अंगाला भाताचा वास येतो. साध्या भाताचा नाही, नुकत्याच उतरवलेल्या आंबेमोहोराच्या पेजेचा. मी रत्नागिरीची. उभा जन्म प्राणिशास्त्र शिकवण्यात गेला, परसातल्या फणसावर उदमांजरं नांदली, आणि तरी हा वास मला कधी वेगळा ओळखता आला नाही. येणार कसा? आमच्याकडे दोन्ही वेळा प्रत्येक घरातून तोच वास येत असतो. जनावर माळ्यावरून गेलं काय आणि शेजारणीने पेज उतरवली काय, नाकाला फरक कळत नाही. तो कळायला ज्वारी खाणारं घर लागतं, हे मला धाराशिव जिल्ह्यात जाऊन समजलं.

तबस्सुमचा फोन आला तो दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत आले तेव्हा. तबस्सुम माझी जुनी विद्यार्थिनी. मूळची कळंबची, पण मत्स्यशास्त्र शिकायला म्हणून समुद्राकाठी आली, चार वर्षं आमच्याकडे मासे चिरून बघितले, आणि आता कळंबच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या शिक्षणाचा आणि कळंबच्या भूगोलाचा मेळ कसा घालायचा हे तिचं तिलाच माहीत.

"मॅडम," ती म्हणाली, "ईट गावात आमच्या ओळखीची एक खव्याची भट्टी आहे. तिथं रोज दिवेलागणीला भात शिजल्याचा वास येतो. आणि त्या घरात दिवाळीपासून भात शिजलेला नाही."

मी उडालेच. त्या दिवसांत मी शाळेतल्या मुलांसाठी एक मोठा रंगीत तक्ता काढत बसले होते: उदमांजर, जवादी मांजर आणि त्यांची सगळी भावकी. निवृत्तीनंतर माणसं गीता वाचतात, मी मांजरं नसलेली मांजरं रंगवत होते. आणि रंगवताना सारखं वाटायचं की अगं, जे जनावर तू चार हातांवरून दिवसाउजेडी कधी नीट पाहिलेलं नाहीस, त्याचे पाय तू कुठल्या हिमतीवर काढतेस? पुस्तकातले फोटो बघून काढलेले पाय पुस्तकासारखेच दिसत होते. मी तक्ता गुंडाळला, नळकांड्यात घातला आणि एसटीत बसले.

कळंब

प्रवासाचं रडगाणं गात नाही. येरमाळ्याच्या पुढे डोळे उघडले तेव्हा दोन्ही बाजूंना गुडघाभर ज्वारी होती आणि आकाश इतकं मोठं होतं की मला उगाचच उघड्यावर बसल्यासारखं वाटलं. आमच्याकडे आकाश माडांच्या मधून तुकड्यातुकड्याने मिळतं.

तबस्सुमच्या अम्मींनी जेवायला अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि चिंचेची आंबट डाळ केली होती. मी मासळीची आठवण काढल्यावर त्या म्हणाल्या, "मांजऱ्याच्या धरणाचा मासा मिळतो की. पन तुमच्या बंद्रावरच्या माणसाला त्यो गोडा लागंल. उगं नावं ठेवाल." मी नावं ठेवणार होतेच, त्यामुळे गप्प बसून तिसरी भाकरी घेतली. भाकरी थापायचा त्यांचा वेग बघत राहावं असा. आमच्याकडची तांदळाची भाकरी लाडावलेली, हळू हाताने थापावी लागते.

संध्याकाळी बाजारात तबस्सुमच्या मामूंच्या अत्तराच्या दुकानात गेलो. धान्याच्या आडतींच्या गल्लीत ते एवढंसं दुकान, समोर हरभऱ्याची पोती, आत गुलाब आणि खस. मामूंना मी विचारलं, जवादी कस्तुरी कधी विकलीत का? ते हसले.

"आमचे अब्बा विकायचे. गायीच्या शिंगात भरून यायची. चमचाभर नाकाला लावली तर माणूस उलटी करंल, इतकी घाण. पन सुईच्या टोकाएवढी गुलाबात घातली का गुलाब चार दिवस जागचा हालत न्हाय."

हे त्यांनी अगदी बरोबर सांगितलं. जवादी मांजर म्हणजे अंगावर ठिपक्यांच्या रांगा, शेपटीवर कडी, जमिनीवर राहणारं, आपल्या माळरानातलं जनावर. त्याच्या शेपटीखाली एक पिशवी असते, तिच्यातला मेणासारखा स्राव म्हणजे ही कस्तुरी. जनावर तो दगडाला, खुंटाला पुसून ठेवतं, म्हणजे इतरांना कळावं, इथे मी राहतो. आपण माणसांनी तो खरवडून काढला आणि मानेला लावला. कुणाच्या दारावरची पाटी काढून आपण दागिना म्हणून घातली, असाच तो प्रकार. आता बहुतेक ठिकाणी हा वास प्रयोगशाळेत बनतो आणि जवादी सुटलं, याचा मला आनंद आहे.

परतल्यावर अम्मींनी तक्ता बघायला मागितला. मी तो फरशीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि शिकवायला लागले. जित्याची खोड. "हे सगळं एक कुळ. वरती जवादी, इकडे उदमांजर, हे झाडावरचं अस्वलासारखं बिंटुराँग, ते आपल्या ईशान्येला असतं. आणि हे आफ्रिकेतलं जेनेट, सडपातळ, ठिपक्याठिपक्यांचं. ते स्पेन-फ्रान्सपर्यंत गेलंय, पण आपल्याकडे नाही."

"आन् ही कोपऱ्यातली, रेघ मारून वेगळी काढलेली?" अम्मींनी विचारलं.

"ती वाटणीत बाहेर पडली. पूर्वी दात आणि कवट्या बघून सगळ्यांना एकाच घरात कोंबलं होतं. मग रक्त तपासायची विद्या आली, आणि कळलं की हा मादागास्कर बेटावरचा फोसा दिसतो यांच्यासारखा, पण आहे मुंगसाचा नातेवाईक. आफ्रिकेतलं एक उदमांजर तर इतकं जुनं निघालं की त्याला स्वतंत्र चूल मांडून द्यावी लागली. आणि हे लिन्सांग. यांच्यातले आशियातले निघाले खऱ्या मांजरांचे जवळचे आणि आफ्रिकेतले जेनेटचे. दोघं दिसायला जुळे भाऊ."

अम्मींनी लिन्सांगांच्या दोन्ही चित्रांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आमच्यातबी तसंच झालंय. शकल मिळती, रिश्ता न्हाय."

सोनारी

ईटची ती भट्टी भागवतराव आणि कौसाबाई या नवराबायकोची. त्यांचा खवा तबस्सुमच्या भावाच्या मिठाईच्या दुकानात येतो, म्हणून ओळख. दर रविवारी ती दोघं सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला जातात, तेव्हा तिथेच गाठ घालून त्यांच्या जीपने ईटला जायचं ठरलं.

सोनारीत देवाइतकीच माकडांची वस्ती. कळसावर माकडं, ओवरीत माकडं, नारळवाल्याच्या फळीखाली माकडं, आणि गावाची त्याबद्दल काही तक्रार दिसेना. आमच्या बागायतदारांना हे दाखवलं पाहिजे. आमच्याकडे वानर आंब्यावर दिसला की फटाके लावतात.

भागवतराव पांढऱ्या टोपीतले, उंच, फारसं न बोलणारे. कौसाबाई त्यांच्या निम्म्या उंचीच्या, साठीच्या आसपास, डोक्यावरचा पदर दातात धरून माझ्याकडे आपादमस्तक बघणाऱ्या.

"तुमी जनावराच्या डॉक्टर का?"

"नाही हो. जनावरांबद्दल शिकवायचे."

"मंग तर तुमाला लई ठावं आसंल," त्या म्हणाल्या, आणि का कोण जाणे, ते कौतुक वाटलं नाही. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि देवळाच्या दारात विचारायचं नव्हतं.

एवढ्यात मागून नळकांड्याला हिसका बसला. मी वळून बघेपर्यंत एक दांडगा नर झाकण दातांनी काढून तक्ता उलगडत होता. लोक मदतीला धावले, म्हणजे प्रत्येकाने एकेक सल्ला दिला. शेवटी तबस्सुमने प्रसादाचे फुटाणे पुढे केले तेव्हा स्वारीने तक्ता सोडला, पण जाताजाता एक कोपरा फाडून नेलाच. कोपरा नेमका फोसाचा. ज्याला शास्त्रज्ञांनी घराबाहेर काढलं त्याला माकडाने कागदाबाहेरही काढलं. मला हसू आवरेना. भागवतरावही पहिल्यांदा हसले.

कौसाबाई हसल्या नाहीत. त्या उरलेल्या तक्त्याकडे बघत होत्या. काळपट अंग, डोळ्यांभोवती गडद पट्टा, लांब शेपूट. मी चांगलं दहा दिवस रंगवलेलं उदमांजर.

"ह्येच," त्या म्हणाल्या. "ह्येच हाय ते. मसण्या ऊद."

ईट

जीपमध्ये वाऱ्यामुळे बोलणं झालं नाही. ईटला पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि भट्टीवर दुसऱ्या पाळीचं दूध येत होतं. भूम तालुक्यात घरोघर जनावरं, आणि दुधाचा खवा करण्याची जुनी रीत. ओट्यात पुरलेली चूल, तिच्यावर थोरली कढई, आणि लांब दांड्याचं उलथणं घेऊन माणूस दूध आटेपर्यंत हलवत राहतो. थांबायचं नाही, थांबलं की तळाला लागतं. मला त्यांनी पानावर गरम खवा दिला, किंचित धुरकट, किंचित गोड, साखर न घालता गोड. समुद्राकाठच्या माणसाला दूध एवढं आटवण्याचा धीर नसतो, आम्ही नारळाचं पिळून मोकळे होतो.

भट्टीचं छप्पर पत्र्याचं. पत्र्याखाली माळा, माळ्यावर तुरीच्या तुराट्या आणि सरपण. तिथेच ते जनावर दिवसभर झोपतं आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतं. घरचा मुलगा महादेव, तिशीचा, चटपटीत. त्याने सांगितलं, पिंजरा लावलाय, आत पिकलं केळ ठेवलंय, सापडलं की संपवायचं.

"संपवायचं म्हणजे?"

"आईची विच्छा हाय."

मी मास्तरीण झाले. कायद्याने हे जनावर संरक्षित आहे, मारलं तर गुन्हा, आणि मारायचं कशासाठी, ते तुमचे उंदीर खातं. महादेवने मान हलवली. "ताई, ते मला कळतंय. पन तुमी तिच्याशी बोला."

पाठीमागे पडक्या भिंतीवर मला हवी ती वस्तू दिसली. उदमांजर रोज ठरलेल्या उंच जागी विष्ठा करतं. तिथे ढीग होता, वाळलेला, आणि त्यात काळ्या चकचकीत सीताफळाच्या बिया, बोरांच्या आठळ्या, उंबराचा बारीक चुरा, थोडे झुरळांचे पंख, एका उंदराचे केस. मी काडीने उलगडत बसले तशी तबस्सुमने शेजाऱ्यांना समजावलं की मॅडमना बरं आहे, त्या अशाच आहेत.

कौसाबाई येऊन शेजारी बसल्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "एक इचारते. खरं सांगा, आं. ह्ये जनावर उकरतं का? माती उकरून, पुरलेलं काढतं का?"

आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांची पहिली मुलगी. बाराशाच्या आतच गेली, नाव ठेवायचंही राहिलं. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात, ही रीत आमच्याकडेही आहे. ओढ्याकाठच्या चिंचेखाली सासऱ्याने आणि भागवतरावांनी तिला ठेवलं, वर दगड रचले, त्यावर बाभळीच्या काट्या घातल्या, कुठल्या जनावराने शिवू नये म्हणून. बाळंतिणीला घराबाहेर पडायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सासू ओढ्यावर गेली आणि धावत घरी आली. काट्या बाजूला पडलेल्या, माती वरखाली झालेली.

"सासू दारातूनच म्हनली, मसण्या ऊदानं नेली गं तुझी. तवापासून आयकतेय म्या ते. पुढं ह्यो महादेव झाला, लगीन झालं, नातू झाला. पन चिंचंकडं म्या गेले न्हाय. काय बगायचं जाऊन? रिकामी जागा?"

इतका वेळ मी या बाईला अडाणी समजुतीची बाई म्हणून मनात बाजूला बसवलं होतं, आणि ती तर तीस वर्षांहून जास्त काळ एकच प्रश्न घेऊन बसली होती. तिचं मूल जमिनीत आहे की नाही, एवढाच. तबस्सुमने तिचा हात हातात घेतला. "काकू, आमच्या कब्रस्तानातबी असंच बोलत्यात," ती हळूच म्हणाली. "माती खचली की त्याच्यावरच घालत्यात."

मी म्हटलं, "सकाळी सांगते. उजेडात." खरं तर मला वेळ हवा होता.

रात्रीच्या जेवणात शेंगोळे होते, हुलग्याच्या पिठाचे, लसणाच्या फोडणीत शिजवलेले. एरवी मी कृती विचारून घेतली असती. त्या दिवशी नुसते खाल्ले.

भट्टीवर

सकाळी महादेवने हाक मारली. पिंजऱ्यात उदमांजर होतं.

आधी माझ्या आनंदाबद्दल सांगते, कारण तो लपवला तर खोटं होईल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ते चार हातांवरून, लख्ख उन्हात बघत होते. खरखरीत करडे केस, पाठीवर अंधुक काळ्या रेघा, काळे पाय, काळं शेपूट, आणि डोळ्यांखालचे फिकट डाग. तोंड मुंगसाचं, मिशा मांजराच्या, चाल अस्वलाची. आणि तो वास! थेट आमच्या स्वयंपाकघरातला. मी गुडघ्यावर बसले आणि नाकाने घरी जाऊन आले.

नर होता की मादी, मला सांगता आलं नाही. यात माझी एकटीची नालायकी नाही. त्याच्या शेपटीखालच्या गंधाच्या गाठी दोघांतही अशा असतात की पूर्वीच्या विद्वानांना वाटलं, हे एकाच देहात नर आणि मादी. त्यांनी तेच नाव ठेवून टाकलं, आणि शास्त्रात एकदा ठेवलेलं नाव सहसा बदलत नाही, चुकीचं असलं तरी.

पण मला बघायचे होते पाय. ते जाळीला धरून उभं राहिलं तेव्हा तळवा दिसला. बिनकेसांचा, मऊ, गुलाबी, पाच बोटं, आणि नखं बारीक, वाकडी, अर्धी आत घेता येणारी. सालीत रुतवून फांदीवर चढायची नखं. कुदळीची नव्हेत.

कौसाबाई भट्टीच्या दारात उभ्या होत्या. भागवतराव सकाळच्या दुधाची कढई हलवत होते. दूध अर्धं आटलं होतं.

मी त्यांना पिंजऱ्याजवळ बोलावलं आणि पाय दाखवले. "हे झाडावरचं जनावर आहे, कौसाबाई. किडा शोधायला माती ओरबाडेल वरवर. पण दगड हलवणं, बाभळीच्या काट्या ओढणं, हातभर खोल जाणं, हे याच्याच्याने होत नाही. काल तुम्ही त्याचं खाणं बघितलंत. बहुतेक बियाच होत्या."

"मंग ह्यानं न्हाय नेली?"

"नाही."

"मंग कुनी नेली?"

इथे मी अडकले. याच प्रश्नाला मी रात्रभर भीत होते. कारण दगड हलवून खोल उकरणारं जनावर आहे. रेटेल म्हणतात त्याला, रुंद, दणकट, पुढच्या पायांना बोटभर नखं. ते उदमांजराच्या कुळातलं नाही, मांजराच्या बाजूचंही नाही, कुत्र्याअस्वलांच्या फांदीवरचं आहे, आणि लोक दोघांनाही मसण्या ऊद म्हणतात, म्हणून दोघांची पापं एकाच्याच माथी मारतात. कोल्हा आहे. गावची कुत्री आहेत. माझी सगळी विद्या एका जनावराला सोडवू शकत होती, पण या बाईला नाही. उलट, एक संशयित काढून मी तिच्यापुढे तीन नवे उभे करणार होते. मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं का? ते मला आजही ठरवता येत नाही.

"उकरलं म्या होतं."

भागवतराव बोलले होते. कढईकडे बघत. हात चालूच होता.

कौसाबाई वळल्या. "काय म्हनलात?"

"दुसऱ्या दिशी पहाटं गेल्तो म्या. काट्या म्याच काढल्या. दगड सारले." त्यांनी उलथणं दोन वेळा फिरवलं. "आपन तिला नुसत्याच फडक्यात ठिवलं व्हतं. घाईत. घरी आलो तर खुंटीवर दुपटं. तू सातव्या म्हैन्यापासून शिवत व्हतीस, ते. थंडीचे दिस. मला रातभर झोप न्हाय आली. मंग उठलो, घेतलं, आन् गेलो."

"आन् सांगितलं न्हाय?"

"कसं सांगू? आई म्हनायची, लेकरू पुरून आलं की मागं वळून बगू ने. त्या जागी परत पाय ठिवला तर पुढचं लेकरू टिकत न्हाय. म्या तर उकरून आलतो. आईनं बगितलं आन् ती जनावराचं नाव घिऊन मोकळी झाली. म्या म्हनलं, असू दे. बोललो आन् पुढच्याला काय झालं तर? महादेव झाला तवा तर तोंडच उघडंना. मंग दिस गेले, आगं. दिस गेले की बोलायचं आनखीच अवघड व्हतं."

महादेव आईकडे बघत होता, बापाकडे बघायची त्याला हिंमत नव्हती. मला वाटलं कौसाबाई आता ओरडतील, आणि त्यांनी ओरडावं असंच मला वाटत होतं. इतकी वर्षं! रोज शेजारी जेवायला बसणाऱ्या माणसाकडे उत्तर होतं. माझ्या मनात त्या क्षणी भागवतरावांबद्दल राग होता, स्पष्टच सांगते. आणि त्याच वेळी अंधारात खुंटीवरचं दुपटं काढून ओढ्याकडे निघालेला पंचविशीतला पोरगाही दिसत होता.

तळाला लागल्याचा वास आला. भागवतरावांचा हात थांबला होता. तबस्सुमने पुढे होऊन उलथणं घेतलं आणि जमेल तसं हलवायला लागली.

"म्हंजी ती हाय," कौसाबाई म्हणाल्या. "तिथंच हाय."

"हाय."

त्यांनी पदर खोचला आणि चालू लागल्या. चप्पलही घातली नाही. भागवतराव मागून, त्यांच्या मागे पिंजरा उचलून महादेव, आणि मी. जाऊ की नको असं मला वाटत होतं, पण महादेवने मानेने खुणावलं, या.

चिंच मोठी होती, बुंध्याला मुळांचे ओटे सुटलेले. ओढ्यात घोट्याएवढं पाणी. भागवतरावांनी एका ओट्याच्या अलीकडे, दोन अर्धवट रुतलेल्या दगडांपाशी बोट केलं. तिथे काही नव्हतं. वाळका पाला, थोडं गवत, चिंचेचे सुकलेले आकडे. कौसाबाई खाली बसल्या आणि पाला हाताने बाजूला केला, तव्यावरचं पीठ झाडावं तसा, हलका. मग हात तसाच जमिनीवर ठेवला.

पिंजरा खाली ठेवून महादेवने विचारलं, "आई, ह्याला सोडू?"

"सोड."

त्याने दार उचललं. उदमांजर बाहेर आलं, क्षणभर दबकलं आणि चिंचेवर चढलं असावं. असावं म्हणते, कारण वर बघितलं नाही कुणी. ज्याचे पाय बघायला मी एवढी आले होते, ते झाडावर कसं चढतं हे मीही बघितलं नाही.

कौसाबाईंनी मान वर न करता विचारलं, "आवं, दुपटं तोंडावर तर घेतलं न्हवतं ना?"

"न्हाय," भागवतराव म्हणाले. "गळ्यापतूर. तोंड उघडं ठिवलं."

"बरं केलं," त्या म्हणाल्या.